टिटवीचं अंडं

सगळ्यात आधी सांगून टाकतो. ते भोक मी पाडलंय.

लोक त्याच्यावर लेख लिहितात. फोटो मोठे करकरून बघतात. त्याच्यावरून अंगठा फिरवताना डोळे मिटतात. ते भोक मी पाडलं, एका मंगळवारी, जेवायला जायच्या घाईत, चुकीच्या बाजूला.

आता नीट सांगतो.

माझ्या भावोजींचं वाद्यांचं दुकान आहे. पुढे काच, काचेमागे भिंतीभर टांगलेल्या गिटारी, मग एक प्लायवूडचं पार्टिशन आणि त्याच्यामागे माझं टेबल. मी गिटारी दुरुस्त करतो. कुठे शिकलो नाही. स्वतःची गिटार मोडली, ती जोडताना शिकलो. मग लोकांच्या मोडक्या जोडताना शिकलो. आणि खोटं कशाला बोलू, काही लोकांच्या धडधाकट गिटारी मोडूनही शिकलो.

भावोजींना गिटार वाजवता येत नाही. पण गिटार हातात कशी धरायची हे त्यांना इतकं झकास जमतं, की गिऱ्हाईकाला वाटतं हा माणूस तरुणपणी स्टेज गाजवून आलाय आणि आता मनाचा मोठेपणा म्हणून दुकानात बसलाय. मान किंचित कलती. कान लाकडाला लावल्यासारखा. एक तार छेडतात आणि "अहाहा" म्हणतात. दुसरी छेडत नाहीत, कारण दुसरी छेडली की कळतं.

आणि गिऱ्हाईकं? त्यातली निम्मी अशी, की गिटार सुरात लावून द्या म्हणून दर आठवड्याला येतात. पण गिटारच्या डोक्यावर कुणाचं नाव आहे ते मात्र त्यांना शंभर फुटांवरून वाचता येतं. कान नाहीत, डोळे आहेत. आमचं दुकान डोळ्यांवर चालतं.

तर टिटवी.

आमच्या गावात एक म्हातारे कारागीर होते. एकटे काम करायचे. एका वेळी एकच गिटार, सगळी हातानं. आयुष्यात दोनशेच्या आसपास केल्या असतील. प्रत्येकीच्या डोक्यावर शिंपल्यातून कोरलेली एक टिटवी बसवायचे, एक पाय उचललेली. म्हणून त्या गिटारीला सगळे टिटवीच म्हणायचे. म्हातारे होते तोवर लोक त्यांच्याशी घासाघीस करायचे, उशीर झाला म्हणून फोनवर ओरडायचे. म्हातारे गेले आणि अख्खं गाव त्यांचं भक्त झालं. ज्यानं त्यांच्या गल्लीत कधी पाऊल टाकलं नव्हतं तोही "आमचं घरचं येणं-जाणं होतं" म्हणायला लागला.

अशी एक खरी टिटवी एका दातांच्या डॉक्टरांकडे होती. त्यांना ती उभं राहून वाजवायची होती. (कुणासमोर, ते विचारू नका. क्लिनिकमध्ये पेशंटसमोर असेल. तो बिचारा तोंड उघडून पडलेला, पळणार कुठे.) त्यासाठी पट्टा अडकवायचं बटण लावायचं होतं. गिटारची मान जिथे पोटाला मिळते तिथे खाली एक टाच असते, त्या टाचेच्या बाजूला छोटं भोक पाडायचं आणि बटण स्क्रूनं बसवायचं. दहा मिनिटांचं काम.

मी गिटार पालथी घातली. पेन्सिलनं खूण करायला गेलो. आणि गिटार पालथी घातली की डावं उजवं होतं, उजवं डावं होतं, हे ज्याला दहा वर्षं माहीत आहे तो माणूस त्या दिवशी भुकेला होता. भोक पाडलं. सरळ केली. बघतो तर भोक वरच्या बाजूला. म्हणजे उभं राहून वाजवताना बोटं नेमकी बटणावर आपटणार.

त्यात ड्रिल थोडं सरकलेलं, त्यामुळे भोक गोल नाही, लांबट. योग्य बाजूला दुसरं भोक पाडून बटण लावलं. पण पहिल्याचं काय करायचं? टाचेच्या फिक्या रंगाचं लाकूड माझ्याकडे नव्हतं. एका मोडक्या गिटारीच्या फिंगरबोर्डचा, म्हणजे मानेवरच्या पट्टीचा, काळपट तुकडा होता. तो घासून घासून भोकाच्या आकाराचा केला, सरस लावून ठोकला, वरून पॉलिश केलं. दिसायला कसं, तर भोपळ्याची काळी बी. जरा तिरकी.

डॉक्टर आले. त्यांनी बी बघितली. "हे काय?"

मी तोंड उघडायच्या आत भावोजी म्हणाले, "दिसली का तुम्हाला? सगळ्यांना नाही दिसत. ती कारागिराची खूण आहे. पॉलिशखाली दडलेली होती. आमच्या मेव्हण्यानं हळूच मोकळी केली."

डॉक्टरांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्यांच्या घरात पुरलेलं सोनं काढून दिलंय.

मी हसलो. तेच माझं पहिलं पाप. दात काढले म्हणा ना, तेही दातांच्या डॉक्टरांसमोर.

भावोजी म्हणाले, "खूण जरा पक्की होऊ दे. सरस ओला आहे. पंधरा दिवस ठेवून जा." सरस एका रात्रीत वाळतो. गिटार दुसऱ्या दिवशी दुकानातून गायब. "पॉलिशवाल्याकडे दिलीय," म्हणाले. सतरा दिवसांनी परत आली. पॉलिश होतं तसंच. मी विचारलं नाही. मला काय, माझी चूक झाकली गेली होती.

पुढे काही महिन्यांनी दुकानात सहा खोकी आली. पहिलं मी उघडलं. आत गिटार. डोक्यावर टिटवी, एक पाय उचललेली.

"भावोजी, हे काय?"

"टिटवी."

"कुठली?"

"झाडावरची."

"टिटवी झाडावर बसत नाही."

"मग गिटारच्या डोक्यावर बसते. उघड पुढचं." भावोजी हसले. "अरे, म्हाताऱ्याच्या पुतण्याकडे माळ्यावर पडलेल्या होत्या. जुना माल."

"जुन्या मालाला ताज्या थिनरचा वास येतोय."

"मेव्हणेबुवा, तुमचं नाक वाढलंय. सर्दी होईल, जपा."

मी गिटार पालथी घातली. सवय माझी, आधी पाठ बघायची. आणि टाचेवर बघतो तर भोपळ्याची काळी बी. जरा तिरकी.

दुसरं खोकं उघडलं. बी. तिसरं, बी. सहाच्या सहा. डॉक्टरांची गिटार ज्या कुणी समोर ठेवून नक्कल केली होती, त्यानं माझी चूकही इमानदारीनं उतरवली होती. आधी बरोब्बर चुकीच्या जागी भोक पाडायचं, मग काळ्या लाकडानं बुजवायचं. कुठेतरी एक माणूस रोज कामावर येऊन माझी चूक करत होता. न चुकता.

हसू यावं की रडू यावं, कळेना. मी भावोजींसमोर गिटार धरली. "हे बघा. हे माझं भोक आहे. तुम्ही डॉक्टरांची गिटार नकलेसाठी दिलीत."

त्यांनी नाही म्हटलं नाही. हा माणूस खोटं फक्त गिऱ्हाईकाशी बोलतो, घरच्यांशी वाद घालतो.

"नुकसान कुणाचं झालं ते सांग," ते म्हणाले. "डॉक्टरांची गिटार डॉक्टरांकडे आहे. म्हातारा वर गेला, मागे ना मूल ना बाळ. गिऱ्हाईकाला टिटवी हवी होती, मिळाली. वाजते की नाही?"

"वाजेल, मी वाजती केल्यावर. आत्ता तारा फ्रेटच्या पट्ट्यांवर खडखडतायत."

"मग कर वाजती. पुण्य तुला."

"टिटवीसारखी म्हणून विका ना. सरळ सांगा, नक्कल आहे."

"'सारखी' म्हटलं की गिऱ्हाईकाचं तोंड वाकडं होतं. 'सारखी' कुणाला नको असते. आणि तुला काय वाटतं, त्याला कळत नाही? एवढ्या किमतीत खरी टिटवी मिळते का कुठे? कळतं रे. फक्त मी तसं तोंडानं म्हणायला नको असतं. तो स्वतःशी खोटं बोलतो, मी नुसता साथीला असतो."

यातलं वाईट काय, तर हे बरंचसं खरं होतं. मी कितीतरी जणांना बघितलंय. टिटवी हातात घेतात, भाव ऐकतात, क्षणभर डोळ्यांत शंका चमकते. मग ती शंका ते स्वतःच गिळतात, वर पाणी पितात, आणि "माळ्यावर होती म्हणता?" असं विचारतात. जणू माळ्यावर टिटव्यांची पैदास होते.

पण ज्यानं शंका गिळली तो फसला नाही, असं थोडंच होतं? आणि ज्याला शंका आलीच नाही त्याचं काय? कॉलेजची एक मुलगी दोन उन्हाळे काम करून आली होती. तिनं पालथी घालून बी बघितली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी पार्टिशनमागे होतो. मी पॉलिशपेपर घासत राहिलो. जोरात, म्हणजे पुढचं ऐकू येऊ नये.

मी गप्प का बसलो? ताईचं घर त्या दुकानावर चालतं, हे मी स्वतःला सांगायचो. दुकानाच्या जाहिराती ताईच लिहायची, ऑफिसात बसून मधल्या सुट्टीत. "माळ्यावर सापडलेला ठेवा" हे तिचंच वाक्य. नवऱ्यानं सांगितलं ते तिनं खरं मानलं. तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीला तिनं स्वतः एक टिटवी विकली, हौसेनं. तर ताईसाठी गप्प बसलो, असं मी म्हणायचो. छान वाटायचं.

खरं कारण वेगळं. तोंड उघडलं असतं तर पहिला प्रश्न आला असता, मग ही बी कसली? आणि मग सगळ्यांना कळलं असतं की ज्याच्याकडे ते गिटारी सोपवतात त्याला डावं-उजवं कळत नाही.

म्हणून मी त्या नकला वाजत्या केल्या. एकेक फ्रेट घासून. त्या इतक्या चांगल्या झाल्या की त्यातल्या दोनतीन खरंच बऱ्या वाजायच्या. आणि त्या बऱ्या वाजायच्या म्हणूनच खऱ्या म्हणून खपल्या. म्हणजे फसवणुकीत जे काही दर्जेदार होतं ते माझं होतं.

मग आले अभ्यासक.

हे गृहस्थ विमा कंपनीतून निवृत्त झालेले. अपघातात चेपलेल्या गाड्या बघून नुकसान किती ते ठरवायचे. निवृत्त झाल्यावर गाड्या संपल्या, मग गिटारींकडे वळले. फोनवर टिटवीवाल्यांचा एक ग्रुप होता, मीही होतो त्यात, तिथे ते नावाखाली "अभ्यासक" असं लिहायचे. त्यांनी आमच्याकडून दोन टिटव्या घेतल्या. दोन्हींवर बी. डॉक्टरांच्या गिटारीचा फोटो बघितला, तिच्यावरही बी. झालं. अभ्यासकांना साक्षात्कार झाला.

त्यांनी लेख लिहिला. लांबलचक. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते, ती दगडांत अशी मिसळतात की शोधूनही सापडत नाहीत. थोर कारागिरानं आपल्या प्रत्येक निर्मितीत असंच एक अंडं दडवलं आहे. ते तिरकं आहे, कारण निसर्गात काहीच सरळ नसतं. ते काळं आहे, कारण ते गर्भाच्या अंधाराचं प्रतीक आहे.

गर्भाचा अंधार! अहो, फिक्या लाकडाचा तुकडा नव्हता माझ्याकडे.

त्या दिवसापासून बीचं अंडं झालं. लोक दुकानात येऊन विचारायला लागले, "अंड्याची आहे का?" भावोजी म्हणायचे, "आमच्याकडे बिनअंड्याची ठेवतच नाही." केकचं दुकान झालं होतं आमचं. आणि लेखाच्या शेवटी अभ्यासकांनी ठळक अक्षरांत नियम घालून दिला होता. ज्या टिटवीला अंडं नाही ती टिटवी नकली.

नीट वाचा. जगात खरी, अंडेवाली टिटवी एकच होती, ती डॉक्टरांची, आणि तिच्यात अंडं मी घातलं होतं. बाकी दोनशे खऱ्या गिटारी त्या एका वाक्यानं खोट्या झाल्या, आणि आमच्या खोक्यांतल्या सगळ्या खऱ्या.

मी हसलो होतो तो लेख वाचून. एकट्यानं, पोट धरून. मग बाई आल्या.

बाई म्हणजे गिटारच्या बाई. चाळीस वर्षं मुलांना शिकवतायत. मी कधी त्यांच्याकडे शिकलो नाही, पण त्यांच्या मुलांच्या गिटारी माझ्याकडे येतात आणि त्या गिटारी स्वच्छ असतात, यावरून बाई कळतात. त्यांच्याकडे टिटवी होती. विकायला काढली होती. कारण साधं, त्यांना ऐकू येईनासं झालं होतं. जुनं श्रवणयंत्र नुसतं शिट्टी मारायचं. चांगलं यंत्र घ्यायचं तर टिटवी विकायची, नाहीतर शिकवणं बंद.

"वरच्या दोन तारा मला आता नुसत्या हलताना दिसतात," म्हणाल्या. "मुलं माझ्याकडे बघतात. मी 'छान' म्हणते. आता हे 'छान' मुलांना कळायला लागलंय."

गिटार घ्यायला कोण तयार होतं? अभ्यासक. फोटो बघून त्यांनी कळवलं, अंडं नाही, तेव्हा गिटार नकली. एवढ्यावर थांबले नाहीत. ग्रुपवर फोटो टाकून सावधगिरीची सूचनाही दिली, बाईंचं नाव लिहून. चाळीस वर्षं शिकवलेल्या बाई ग्रुपभर चोर ठरल्या.

भावोजींनी मध्यस्थी केली. अभ्यासकांना म्हणाले, "अंडं असेल, पॉलिशखाली दडलं असेल. आमचा मेव्हणा मोकळं करतो. या तुम्ही दुपारी, तुमच्यासमोरच होऊन जाऊ दे." आणि मला म्हणाले, "समोर म्हणजे ते पार्टिशनच्या पुढे. धूळ उडते म्हणायचं. तू मागे पाड भोक."

मी म्हटलं, "खऱ्या टिटवीला?"

"बाईंचंच भलं आहे त्यात. गिटार विकली जाईल, नाव स्वच्छ होईल."

"भावोजी, खरी आहे ती. ती खरी दिसावी म्हणून तिला नकलीसारखी करायची?"

"तू शब्दांत फार अडकतोस," भावोजी म्हणाले.

तर अशी ती दुपार. पुढे अभ्यासक खुर्चीवर बसून आमचीच एक टिटवी मांडीवर घेऊन टिंगटिंग करतायत. शेजारी त्यांचे ग्रुपमधले दोघे, मान डोलावायला. भावोजी त्यांच्यासाठी चहा ओततायत. मागे मी, बाई आणि ती गिटार.

मी ती पालथी घातली. काय सांगू, टाच अशी कोरलेली की जणू आतूनच उगवली असावी. ना डाग, ना जोड. हात लावायची लाज वाटत होती.

बाई स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "हे अंड्याचं काय ते मला ठाऊक नाही. ही गिटार होताना मी समोर बसलेली आहे. आठ महिने, दर शनिवारी. यात अंडंबिंडं काही नाही. त्यांना तर पट्ट्याचं बटण लावलेलंही खपायचं नाही, म्हणायचे बसून वाजव." मग थांबल्या. "पण लोकांना हवंय ना. मग घाल बाबा अंडं. माझं काय, मुलं आहेत अजून पंधरा-वीस."

असं बोलल्या त्या. ज्यांच्या डोळ्यांसमोर ती गिटार झाली, त्याच म्हणत होत्या, पाड भोक.

मी ड्रिलमध्ये टोक बसवलं. पेन्सिल घेतली. जागा मला झोपेतही सापडली असती, अख्ख्या जगात ती जागा मीच शोधून काढली होती. खूण केली. ड्रिल उचललं.

आणि हात पुढे जाईना. चुकून पाडलं होतं तेव्हा निदान चूक होती.

ड्रिल खाली ठेवलं. त्यांच्याजवळ वाकून हळूच म्हटलं, "बाई, हे अंडं खोटं आहे."

"काय मोठं आहे?"

"खोटं. खोटं."

"छोटं? मग छोटंच पाड ना. मला कुठे हौस आहे मोठ्याची."

पार्टिशन प्लायवूडचं. पलीकडे टिंगटिंग चालूच. मी जरा आवाज चढवला. "ते अंडं नाहीये, बाई. ती माझी चूक आहे."

"कुणाला भूक आहे?"

"चूक! चूक!"

"अरे मग आधी जेवून घे. मी थांबते."

बघा, माणूस कबुली द्यायची म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात एक चित्र असतं. बंद खोली, खालची मान, खालचा आवाज. इथे खालच्या आवाजाची सोयच नव्हती. बाईंना खरं सांगायचं तर सगळ्या दुकानाला सांगावं लागणार होतं. आणि नाही सांगितलं तर ड्रिल हातात घ्यावं लागणार होतं. मधलं काही नव्हतं.

मी छातीत हवा भरली आणि ओरडलो.

"बाई! ते भोक मी पाडलंय! चुकून! दातांच्या डॉक्टरांच्या गिटारीला! चुकीच्या बाजूला! मग लाकडानं बुजवलं! त्या गिटारीची नक्कल केली! म्हणून सगळ्या नकलांना ते आहे! अंडं म्हणजे नक्कल! तुमची खरी आहे! तुमची खरी आहे म्हणून तिला अंडं नाही!"

टिंगटिंग थांबलं.

बाईंना कळलं. त्यांनी आधी माझ्याकडे, मग ड्रिलकडे, मग टाचेवरच्या पेन्सिलच्या खुणेकडे बघितलं. पदरानं ती खूण पुसली. घासून घासून. आणि म्हणाल्या, "एवढं ओरडायला काय झालं? आता आलं ऐकू."

मी पुढे आलो. भावोजी किटली हातात धरून उभे. अभ्यासकांचा चेहरा एखाद्या चेपलेल्या गाडीसारखा झाला होता, नुकसान किती ते ठरवायला तेच हवे होते. मांडीवर आमची टिटवी. त्यांचा हात आपोआप तिच्या टाचेवर गेला, बीवर. तिथेच थांबला.

मला वाटलं आता हा माणूस भावोजींची गचांडी धरणार. पण अभ्यासक शांतपणे म्हणाले, "मुलगा भांबावलाय. श्रेय घ्यायची हाव असते या वयात. एवढा थोर कारागीर, आणि म्हणे खूण मी केली!"

मान डोलावणाऱ्या दोघांनी मान डोलावली.

मी म्हटलं, "काका, तुम्हाला आत्ता दुसरं भोक पाडून दाखवू? त्याच जागी, तसंच तिरकं?"

"मला काही बघायचं नाही," ते म्हणाले. आणि हे मात्र त्यांच्या तोंडून निघालेलं पहिलं खरं वाक्य होतं. बघितलं असतं तर दोन गिटारी, एक लेख आणि नावाखालचा "अभ्यासक" असं सगळंच गेलं असतं. त्यांनी चहा अर्धा ठेवला. टिटवी मात्र बरोबर नेली. जपून, छातीशी धरून.

बाई बाहेर आल्या. म्हणाल्या, "लिहून दे."

"काय?"

"आत जे ओरडलास ते. कागदावर. मी कुणाकुणाकडे तुला ओरडायला घेऊन फिरू?"

मी काउंटरवरच लिहायला बसलो. डॉक्टरांच्या गिटारीला मी अमुक महिन्यात चुकून भोक पाडलं, मी बुजवलं, ही कारागिराची खूण नाही. खाली सही. बाईंनी कागद घेतला आणि वाचला. ऐकू न येणारी माणसं मनात वाचत नाहीत, निदान बाई तरी नाही. अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं वाचलं.

"हे अर्धंच आहे," म्हणाल्या. "भोक तू पाडलंस. मग बाकीच्या गिटारींना ते काय साथीच्या रोगानं झालं?"

मी भावोजींकडे बघितलं. भावोजी पहिल्यांदाच मान न कलती करता उभे होते. हळू आवाजात म्हणाले, "ताईचा विचार कर." हळूच, कारण त्यांना माहीत होतं बाईंना ऐकू येणार नाही.

मी ताईचा विचार केला. खरंच केला. मग कागद परत घेतला आणि लिहिलं, की डॉक्टरांची गिटार दुकानातून सतरा दिवस बाहेर गेली, ती माझ्या भावोजींनी दिली, आणि नंतर आलेल्या सगळ्या टिटव्या नकली आहेत, आणि हे माहीत असून मी त्या दुरुस्त केल्या. शेवटचं वाक्य लिहिताना पेन अडत होतं. बाई खांद्यावरून बघत होत्या.

त्यांनी पुन्हा वाचलं. पुन्हा मोठ्यानं. भावोजी काचेबाहेर बघत राहिले. रस्त्यावरची दोन माणसं थांबून आत बघत होती.

"तारीख टाक," बाई म्हणाल्या. टाकली.

बाईंची गिटार पुढच्या महिन्यात एका वाजवणाऱ्या माणसानं घेतली. त्यानं आधी तासभर वाजवली, मग कागद मागितला, दोनदा वाचला, आणि म्हणाला हाही गिटारबरोबर द्या. अभ्यासकांनी ग्रुपवर नवा लेख टाकला, की कारागिरानं उतारवयात काही निवडक गिटारी अंड्याविना केल्या असाव्यात. मला ग्रुपमधून काढून टाकलं. कॉलेजच्या त्या मुलीला मी शोधून काढलं आणि सगळं सांगितलं. ती गिटार दुकानात ठेवून पैसे परत घेऊन गेली, आणि जाताना तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती मी इथे लिहीत नाही.

ते सगळं नंतरचं. त्या दुपारी मी माझी हत्यारं पिशवीत भरली आणि खोलीवर आलो. संध्याकाळी ताईचा फोन.

"काय ओरडलास तू दुकानात?"

मी सगळं सांगितलं. अगदी पहिल्यापासून. तिनं लिहिलेल्या जाहिरातींबद्दल काही बोलली नाही, मैत्रिणीबद्दल नाही, नवऱ्याबद्दल तर नाहीच.

शेवटी मी म्हटलं, "ताई, एवढ्या मोठ्यानं बोलायचं नव्हतं मला. बाईंना ऐकू येत नव्हतं, म्हणून."



"मला येतं ना रे ऐकू," ती म्हणाली. "मग मला का नाही सांगितलंस इतके महिने?"

मी फोन कानाला लावून बसून राहिलो. तिनंही ठेवला नाही.